पंचविसावा पेला

अयोध्याबाईला काळजी करायला कारण लागत नाही. चर्चला कुलूप लावलं की ती चार पावलं चालते, परत फिरते, कुलूप ओढून बघते आणि पुन्हा चार पावलं चालते. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, आत चोरण्यासारखं आहे काय? एक पेटी, तिचेही तीन सूर बसलेले." तर म्हणते, "चोराचं भ्या न्हाय मला, गुरुजी. दार उघडं राह्यलं आन कुत्रं शिरलं तर?"

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर, तामलवाडीच्या जरा अलीकडं आमची वस्ती आहे आणि वस्तीच्या टोकाला आमचं एका खोलीचं चर्च. वर पत्रे, बाहेर लिंबाच्या झाडाला टांगलेली घंटा. पाळक साहेब सोलापूरला राहतात. त्यांच्याकडं चार गावं, त्यामुळं आमच्या वाट्याला महिन्याचा पहिला रविवार येतो आणि प्रभुभोजन त्याच दिवशी होतं. बाकीच्या रविवारी मी वाचन करतो, पेटी वाजवतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर आणि मंडळीचा सेक्रेटरी. ही सगळी कामं मी एकसारखीच करतो, असं माझी मुलगी म्हणते, आणि ते कौतुकानं म्हणत नाही.

उरलेलं सगळं अयोध्याबाई बघते. झाडणं, घंटा, सतरंज्या, पाणी, आणि किल्ली. किल्ली ती पदराच्या टोकाला बांधून ठेवते, झोपतानासुद्धा. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, दोन्ही मुली नांदायला गेल्या. ख्रिस्ती बाईचं नाव अयोध्या कसं, असं नवीन माणूस विचारतोच. ते बापानं ठेवलेलं. लग्नानंतर पाळकांनी बदलायचं काढलं तेव्हा सासरा म्हणाला, नाव बदललं की रेशनकार्डात घोळ होतो, देवाला काय ते कळतंय. म्हणून राहिलं.

पोटासाठी ती तुळजापूरच्या एका लॉजवर चादरी धुते. सकाळच्या जीपनं जाते, दिवेलागणीला येते. मी तिला चिडवायचो, "आठवडाभर भवानीच्या भक्तांच्या चादरी आणि रविवारी येशूच्या सतरंज्या. तुमचं बरं आहे." त्यावर ती एकदा म्हणाली, "मळ समद्यांचा सारखाच निघतो, गुरुजी." त्यानंतर मी तो विनोद बंद केला.

पण तिचं खरं काम म्हणजे द्राक्षरस. आमच्या मंडळीत दारूचा थेंब चालत नाही. जुन्या पाळकांनी घालून दिलेला नियम आहे. म्हणून प्रभुभोजनाचा रस घरी करतात. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी उकळायच्या, फडक्यातून पिळायच्या, रस दोनदा गाळायचा. भांडं वेगळं, फडकं वेगळं. हे तिला धुरपदाबाईंनी शिकवलं. धुरपदाबाई तिच्या चुलत सासू, वय पंच्याऐंशीच्या पुढं. त्यांनी रस शिकवला आणि रसाबरोबर एक नियमही दिला: भांडून आलेल्या हातानं मनुका धुवायच्या नाहीत. कुणाशी बिनसलं असेल तर आधी जाऊन मिटवायचं, मग चूल पेटवायची.

हा नियम ती इतका पाळते की त्याचा मला राग यायचा. एकदा लॉजच्या मुकादमाशी तिची बोलाचाली झाली. चूक मुकादमाची होती. हिनं घरी येऊन मनुका काढल्या, मनुकांकडं बघत बसली, उठली, पुन्हा जीप पकडून तुळजापूरला गेली आणि त्या माणसाला सांगून आली, "माझ्या मनात काय न्हाय." त्याला कशाबद्दल ते आठवतसुद्धा नव्हतं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो.

मेमध्ये लग्नं उरकली की नवी जोडपी तुळजापूरला दर्शनाला येतात. लॉज भरलेले. शनिवारी सुटी मिळणार नाही हे कळल्यावर अयोध्याबाईनं रस शुक्रवारीच करून ठेवला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. आमच्याकडचा मे म्हणजे सावलीतसुद्धा चटके. रविवारी सकाळी तिनं झाकण काढलं तर वर फेस, आणि वास आंबूस.

आठ वाजता ती माझ्या दारात उभी. हातात ते भांडं. तोंड पांढरं पडलेलं.

"गुरुजी, आंबलं."

मी वास घेतला. खरंच आंबलं होतं. दुकानात काळ्या मनुका नव्हत्या आणि असत्या तरी भिजायला वेळ कुठला. उपासना दहाला.

"मग या महिन्यात प्रभुभोजन नको," मी म्हटलं. "पाळक साहेबांना सांगू."

"आन आत्याबाई?"

धुरपदाबाई अंथरुणाला खिळलेल्या. फेब्रुवारीत त्यांना सोलापूरच्या एका दवाखान्यात एकोणीस दिवस ठेवलं होतं. नळ्या उपसतात म्हणून हात कॉटला बांधलेले. घरी आणल्यावर त्यांनी मुलाला, रणधीरला, जवळ बसवून शब्द घेतला होता, आता मला इथून हलवायचं नाही, घंटा ऐकू येती तिथंच मरू दे. रणधीर रडत हो म्हणाला होता. आता दोन आठवडे त्यांचं खाणं सुटत चाललं होतं. त्या एवढंच विचारत, पहिला रविवार कधी आहे.

"त्या जूनपातूर थांबायच्या न्हाईत, गुरुजी. ह्या रविवारासाठी थांबल्यात त्या."

मला साखर आहे. मुलगी लातूरहून जांभळाचा रस पाठवते, रोज दोन चमचे पाण्यातून. कपाटात बाटली होती, काळीजांभळी. मी ती काढून उजेडात धरली आणि म्हटलं, "रंग तोच आहे की."

ती बाटलीकडं बघत राहिली. "पाळक साहेबास्नी सांगायचं का?"

"सांगून त्यांना कशाला पेचात टाकता? ते प्रार्थना करतील, आशीर्वाद मागतील, झालं."

"आशीर्वाद रसाला लागतो का माणसाला?"

"दोघांना," मी म्हटलं. मी तेव्हा आरशात बघून भांग पाडत होतो. इतक्या मोठ्या प्रश्नाला इतकं हलकं उत्तर मी शाळेत कुठल्या पोराला दिलं नसेल.

अर्धी बाटली तिनं नेली. जाताना म्हणाली, "लई वंगाळ वाटतंय, गुरुजी." मी म्हटलं, "तुम्हाला चांगलं कधी वाटतं?"

उपासना झाली. आमच्याकडं काचेचे चिमुकले पेले आहेत, मिशनच्या काळातले, लाकडी ताटात खाचा पाडून बसवलेले. तीस होते, फुटत फुटत चोवीस उरले. पाळक भाकर देतात आणि पेल्यांचं ताट मी फिरवतो. अयोध्याबाई शेवटी दाराशी बसते, बादलीजवळ, पेले धुवायला. रस तुरट लागत होता. एक-दोघांनी ओठ मुडपले. पाळक साहेबांनी घोट घेतल्यावर क्षणभर पेल्याकडं पाहिलं आणि प्रार्थना पुढं चालू ठेवली. शेवटी त्यांनी दोन्ही हात वर करून आशीर्वचन म्हटलं, सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी डोळे किलकिले करून पाहिलं. अयोध्याबाईची मान इतकी खाली गेली होती की कपाळ बादलीला टेकेल असं वाटलं.

मग आम्ही तिघं धुरपदाबाईंकडं गेलो. रणधीरच्या बायकोनं, मोनिकानं, त्यांना टेकवून बसवलं. भाकरीचा तुकडा गिळवत नव्हता, म्हणून पाळकांनी तो रसात चांगला भिजवून जिभेवर ठेवला. बाईंनी कितीतरी वेळ तोंडात घोळवला. पाळकांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. त्यांचं पुटपुटणं संपल्यावर धुरपदाबाई स्पष्ट म्हणाल्या, "आता म्या मोकळी." आणि आडव्या होऊन गाढ झोपी गेल्या. इतक्या दिवसांत अशी झोप लागली नव्हती म्हणून मोनिकाचे डोळे भरून आले. मी अयोध्याबाईकडं पाहिलं. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. उरलेल्या घोटाची छोटी बाटली ती तिथंच फडताळावर विसरून आली.

पाळक साहेब मोटारसायकलनं पुढच्या गावाला गेले. मी घरी जेवलो, बाटलीत राहिलेल्या जांभूळ रसाचे माझे दोन चमचे घेतले, चवीला आणखी एक घेतला आणि कूलरसमोर पडलो.

तीन वाजता कडी वाजली. अयोध्याबाई. भर उन्हात अनवाणी.

"गुरुजी, आत्याबाईंची जीब निळी पडलीया. ओठ बी."

मला हसू आलं, खोटं का बोलू. "पडणारच. जांभूळ आहे ते."

"ते तुमाला म्हायती, मला म्हायती. मोनिका वरडायलीय की आईला हवा पुरंना म्हणून. डाक्टरला फोन लावला तर ते म्हनले, ओठ निळे पडले आसतील तर थांबू नका, सोलापूरला हलवा. रणधीरनं गाडी बोलवलीय. निघालीय तिकडून."

माझं हसू गेलं. मी विचारलं, करोनात घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र आहे ना त्यांच्याकडं? तर त्याच्यातले सेल संपलेले आणि रविवार म्हणून दुपारी दुकान बंद. "आईला उठवा म्हणावं, विचारा." उठवून बघितलं, म्हणे, पण झोप इतकी गाढ की नुसतं हुं करून पुन्हा झोपल्या, आणि त्यामुळं रणधीर जास्तच घाबरला.

"पाणी पाजा म्हणावं, जीभ पुसा. जाईल."

"पुसली. जात न्हाय."

मी खाली बसलो. डोकं चालायला लागलं, पण सरळ दिशेनं नाही. "असं करू," मी म्हटलं, "मी रणधीरला फोन करतो. सांगतो की एखाद्या औषधानं अशी जीभ होते. माझं तो ऐकेल."

ती माझ्याकडं बघत राहिली. मास्तरकीत पस्तीस वर्षं गेली माझी, पण असं कुणी माझ्याकडं बघितलं नव्हतं.

"गुरुजी, एकदा खोटं पाजलं त्यांना. आता खोटं सांगायचं बी?"

"खरं सांगितलं तर काय होईल, कळतंय का तुम्हाला? मंडळीचे पंच किल्ली काढून घेतील. जन्मभर लोक म्हणतील, हिनं मरत्या बाईला..."

"कळतंय," ती म्हणाली. तिचा हात पदराच्या गाठीवर होता. "सकाळपास्नं दुसरं काय कळंनाच." आणि ती वळली आणि चालायला लागली.

मला राग आला. तिचा आला, रणधीरचा आला, मुलीचाही आला की असली औषधं पाठवतेच कशाला. चप्पल घातली आणि मागं निघालो. माझ्या आणि रणधीरच्या घरात चार-पाचशे पावलांचं अंतर असेल. ती पुढं, मी मागं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. प्रत्येक गाडीच्या आवाजाला ती थबकायची, सोलापूरकडं बघायची, पुन्हा चालायची. गाडी आधी पोचली तर काय, ही पहिली भीती. आणि आपण आधी पोचलो तर काय, ही दुसरी. दोन्हीतली कुठली मोठी हे मला सांगता आलं नसतं.

आम्ही आधी पोचलो. अंगणात दहा-बारा माणसं. मोनिका पिशवीत लुगडी भरत होती. रणधीर उंबऱ्यावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता. "आईला शब्द दिलता म्या," एवढंच तो म्हणत होता. "पण डोळ्यांदेखत कसं मरू देऊ?"

अयोध्याबाई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "भावजी, आत्याबाईंना काय झालेलं न्हाय. गाडी माघारी धाडा. सकाळी म्या जे पाजलं ते मनुक्याचं नव्हतं. माझा रस आंबला. म्या जांभळाचं घातलं. त्याचा रंग हाय त्यो."

कुणाच्या बाटलीतलं जांभूळ, कुणाची अक्कल, यातलं काही ती बोलली नाही. सगळं 'म्या, म्या'च. मी अंगणाच्या दाराच्या चौकटीआड उभा होतो आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

रणधीरनं मान वर केली. "काय बोलताय वैनी? पाळक साहेबांच्या हातनं दिलंय आईला."

"त्यास्नी म्हायती न्हाय."

"खोटं," मोनिका म्हणाली. "आईंना हलवू नये म्हणून बोलताय तुम्ही, जाऊबाई. त्यांनीच सांगितलं असंल तुम्हाला. उद्या काही झालं तर?"

"खरंच सांगती."

रणधीर उठला. "समद्यांनी त्योच रस घेतला ना? मग तुमची जीब दावा."

अयोध्याबाईनं पदर तोंडाला लावला.

"दावा की वैनी."

तिनं जीभ काढली. स्वच्छ, गुलाबी.

"बघा," रणधीर म्हणाला, आणि पुन्हा त्याचा चेहरा वाकडा झाला. "कशाला छळताय आमाला?"

तेवढ्यात लांबून, हमरस्त्यावरून, गाडीचा भोंगा ऐकू आला. अयोध्याबाईनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होती, "जांभळाचं व्हतं, भावजी. शपथ घ्यायची न्हाय आपल्यात, न्हायतर घेतली असती." आणि मी तिच्या जिभेचा विचार करत उभा होतो. रस सगळ्यांनी घेतला. मग हिची जीभ गुलाबी कशी?

मग माझ्या डोळ्यांपुढं ते ताट आलं. चोवीस खाचांत चोवीस पेले. धुरपदाबाई सोडून मंडळीत प्रभुभोजन घेणारी आम्ही पंचवीस. ताट माझ्या हातात असतं. शेवटच्या रांगेपाशी ते रिकामं होतं आणि मी ते अयोध्याबाईच्या पुढ्यात धुवायला ठेवतो. किती वर्षं ठेवतोय? नवे पेले आणायचा विषय पंचांच्या सभेत निघायचा आणि मीच लिहायचो, पुढच्या बैठकीत बघू. मला वाटायचं, ती आत कुठंतरी घेत असेल. खरं म्हणजे मला काहीच वाटायचं नाही.

भोंगा वस्तीच्या वळणावर आला. मी दाराआडून पुढं झालो आणि अंगणाच्या मधोमध, दहा-बारा माणसांसमोर, सत्तरीच्या मास्तरनं 'आ' करून जीभ बाहेर काढली. दुपारचे तीन चमचे आणखी पोटात गेलेले. जीभ कशी दिसत असेल याची मला कल्पना आहे.

"बाटली माझी," मी म्हटलं. "कल्पना माझी. या नको म्हणत होत्या."

मग एकेकानं जीभ काढली. कुणाची धुऊन गेलेली, कुणाच्या कडेला अजून जांभळी रेघ. रणधीर माझ्या तोंडाकडं बघत होता. तो म्हणाला, "मास्तर हाय का कोण हाय तुमी?" एवढं म्हणून तो धावत गाडीवाल्याकडं गेला. त्याचा आवाज ऐकू येत होता, हात जोडून माफी मागत असलेला. गाडी वळली. मोनिका पिशवीवर बसून हुंदके द्यायला लागली.

"कोण हाय भायेर?" आतून आवाज आला. एवढ्या गलक्यानं धुरपदाबाई जाग्या झाल्या होत्या, आणि किती वेळ जाग्या होत्या कुणास ठाऊक. "अयोध्ये, हिकडं ये."

अयोध्याबाई आत गेली ती पायांशीच बसली. मीही आत गेलो, कारण बाहेर थांबायची सोय राहिली नव्हती.

"समदं ऐकलं म्या," धुरपदाबाई म्हणाल्या. निळ्या ओठांतून शब्द हळू येत होते. "मंग माझं परभूभोजन झालं का न्हाय?"

अख्ख्या दिवसात मला जी भीती होती ती याच प्रश्नाची होती, हे तेव्हा कळलं. मी तोंड उघडलं. शास्त्राचा आधार मला कसाही काढता आला असता.

अयोध्याबाई म्हणाली, "म्हायती न्हाय, आत्याबाई. तुमी मोकळी म्हणालात, आन माझा जीव तवापासून टांगणीला. म्या तुमाला फसवलं. पाळक साहेबांस्नी उद्या परत बोलवती, मनुक्याचं करती."

"तुझी जीब कोरी कशानं?"

मी सांगितलं. पेले चोवीस, माणसं पंचवीस.

"कवापास्नं?"

"पंचविसावा पेला फुटला तवापास्नं," अयोध्याबाई पुटपुटली. "सहा-सात वर्षं. कुणाला तरी कमी पडनारच व्हतं, आत्याबाई. मला पडलं. आन आशीर्वचन झालं की पेले धुवायचेच आसतात."

धुरपदाबाईंनी मान फडताळाकडं वळवली. मग म्हणाल्या, "मोनिका, फडताळावर हिची बाटली राह्यलीय. हाय का काय तिच्यात?"

तळाशी घोटभर होतं.

"हिला दे."

"आत्याबाई, ते जांभळाचं हाय."

"म्या तेच प्याले. मला चाललं, तुला चालंना व्हय?"

मी सेक्रेटरी. पाळकाशिवाय हे कुणी द्यायचं नसतं, हा नियम मला तोंडपाठ आहे. मी पुढं झालो नाही. मोनिकानं बाटली सासूच्या हातात दिली, हाताला आधार दिला, आणि त्या म्हातारीनं ती बाटली अयोध्याबाईच्या ओठाला लावली. मग उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. त्या हातावर दवाखान्यातल्या बांधणीच्या खुणा अजून होत्या. तो अर्ध्यावरच पडला, तेव्हा अयोध्याबाईनं डोकं खाली नेऊन त्याच्याखाली धरलं.

"पोरी, माझं झालं का न्हाय ते त्याला म्हायती," धुरपदाबाई म्हणाल्या. "तुझं मातुर झालं बघ आता."

अयोध्याबाई रडली, मोठ्यानं, नवरा गेल्यावर रडली होती त्यापेक्षा मोठ्यानं. मीही रडलो. लाज वाटली नाही.

संध्याकाळी मी पाळक साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग विचारलं, "धुरपदाबाई शांत आहेत ना?" म्हटलं, हो. "मग त्यांचं मी बघतो, उद्या येतो. तुमचं तुम्ही बघा, गुरुजी." ते सोमवारी आले. अयोध्याबाईनं रविवारीच तुळजापूरहून मनुका आणून रस तयार ठेवला होता. धुरपदाबाईंनी मान हलवून नको म्हटलं. त्यांनी फक्त आशीर्वाद घेतला. गुरुवारी सकाळी, घरीच, त्या गेल्या. घंटा अयोध्याबाईनं वाजवली.

माती दिल्यावर ती माझ्याकडं आली आणि पदराची गाठ सोडून किल्ली माझ्यापुढं ठेवली. "पंचांची बैठक घ्या, गुरुजी. काय ते ठरवा." तिचे डोळे खाली, पायाचा अंगठा जमीन उकरत होता. मी किल्ली उचलून तिच्याच हातात दिली आणि म्हटलं, "बैठक झाली." तिचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, आणि तिसऱ्याही दिवशी.

जूनचा पहिला रविवार आला. पेल्यांसाठी मी सोलापूर पालथं घातलं, पण तसल्या खाचांत बसणारे मिळाले नव्हते. अयोध्याबाईला मी आधीच मधल्या रांगेत बसवलं होतं. ती दर दोन मिनिटांनी मागं वळून बादलीकडं बघत होती. मी ताट फिरवलं. तिच्यापुढं आलो तेव्हा तिनं पेला उचलला नाही, ताटातले पेले मोजले. मग मागच्या रांगेतली डोकी मोजली. मी म्हटलं, "घ्या." तिनं घेतला.

शेवटचा पेला शेवटच्या रांगेत गेला आणि ताट रिकामं झालं. ते घेऊन मी पेटीपाशी आलो. सगळ्यांच्या हातात काहीतरी होतं आणि माझ्या हातात लाकूड. इतकी वर्षं तिला दर महिन्याला हे कसं वाटत असेल, ते मला बसल्या जागी कळलं.

पाळक साहेबांनी विचारलं, "गुरुजी, तुमचा पेला?"

"मला साखर आहे, साहेब," मी म्हटलं. "मनुका गोड असतात."

लोक माना खाली घालून बसले होते. अयोध्याबाई उठली, रांगेतून बाहेर आली आणि तिचा पेला माझ्यापुढं धरला. तो निम्मा रिकामा होता.

"अर्ध्यानं काय व्हत न्हाय, गुरुजी," ती म्हणाली. "घ्या लवकर. आशीर्वचन व्हायचंय अजून."